बिनमिशीचा जमादार

त्यांना काहीही विचारा, उत्तराआधी त्यांचा उजवा हात मिशीकडे जायचा. उजवं टोक, मग डावं टोक, मग पुन्हा उजवं, आणि त्यानंतर शब्द. बिरसीला पाऊस झाला का, एवढं विचारलं तरी हाच क्रम. गोंदियाच्या बाजारात लोक म्हणायचे, जमादार मिशीला विचारल्याशिवाय बोलत नाहीत. कुणी घाई केलीच तर ते म्हणायचे, "घाई कायले? पाहू मंग." आणि पुन्हा मिशीला हात.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांची मिशी दारातून आधी आत येते आणि माणूस मागाहून. पण तुमच्या पाहण्यातल्या मिश्या बहुधा रुबाबासाठी राखलेल्या असतील. जमादारांची तशी नव्हती. ती होती म्हणून होती. रुबाब तिला लोकांनी चिकटवला. जमादार ही पदवीसुद्धा लोकांनीच चिकटवलेली. फौजेत ते साधे नाईक होते. बर्माच्या लढाईतून डाव्या भुवईवर एक तिरपा व्रण घेऊन परत आले आणि गावाने त्यांना परस्पर बढती देऊन टाकली.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. गोंदियाच्या बाजारात माझं शिलाईचं दुकान होतं, आणि जमादार बिरसीच्या धावपट्टीवर चौकीदार होते. युद्धाच्या दिवसांत इंग्रजांनी धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, मोडून ती पट्टी बांधली आणि युद्ध संपल्यावर तशीच टाकून दिली. वर्षात एखादं विमान उतरलं तर उतरलं. एरवी तिथे गुरं चरायची, लोक धान वाळवायचे, आणि जमादार खाकी कोट घालून त्या धानावर सरकारी पहारा ठेवायचे. कोट कुठे उसवला की माझ्याकडे यायचे. मला ते 'मास्टर' म्हणत. कोट शिवून होईपर्यंत बाकावर ताठ बसून राहायचे, आणि समोरच्या टॉकीजकडे मात्र चुकूनही पाहायचे नाहीत.

याचं कारण मला पुष्कळ उशिरा कळलं; ते घडलं तेव्हा माझं दुकान तिथे नव्हतं. त्यांना एक मुलगा होता, तुळशीराम. त्याची आई लहानपणीच गेली. बाप फौजेत, म्हणून पोराला वाढवलं जमादारांच्या म्हाताऱ्या वडिलांनी, म्हणजे त्याच्या आज्याने. जमादार लढाईहून परतले तेव्हा पोराला मिसरूड फुटलं होतं आणि तो सिनेमाने पार झपाटला होता. एकच सिनेमा चार-चार वेळा बघायचा आणि गावात येऊन सगळ्यांच्या नकला करायचा. जमादारांना तो फौजेत जायला हवा होता. भरतीच्या दिवशी पोरगा घरून निघाला तो भरतीला गेलाच नाही. शोधत शोधत जमादार टॉकीजशी आले तर हा रांगेत उभा. त्यांनी त्याला तिथेच, भर बाजारात, कानशिलात भडकावली आणि कॉलर धरून ओढत घरी नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगा नाहीसा झाला.

गोंदिया मोठं जंक्शन. इथून चारी दिशांना गाड्या जातात, त्यामुळे इथून पळालेल्या माणसाला कुठे शोधायचं हेच कळत नाही. जमादार नागपूर, रायपूर, बालाघाट, सगळीकडे फिरून आले. काही उपयोग झाला नाही. मला हे सांगताना ते मिशीला हात न लावता बोलत होते, म्हणून मीही मशीन थांबवली.

"मी घरी आलो तं त्याच्यासाठी मी कोन होतो, मास्टर? एक मिशी आन एक आवाज. त्यानं मान वर करून माह्या तोंडाकडे पाह्यलंच नाही कधी."

अशात एका हिवाळ्यात मुंबईची सिनेमा कंपनी बिरसीला आली. आकाशयानात बसून मंगळावर जाणाऱ्या फौजेचा सिनेमा होता, आणि त्यांना लांबच लांब सपाट जागा हवी होती. त्यांनी धावपट्टीच्या टोकाला बांबू, प्लायवूड आणि पत्र्याचं एक यान उभं केलं. ते उंच, टोकदार, चंदेरी यान बघायला पंचक्रोशी लोटली. मुंबईहून येणारे गणवेश वाटेत कुठल्याशा स्टेशनवर भिजून पार बिघडले होते, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. तोवर मी नवरदेवांचे कोट आणि हमालांचे कुडते शिवले होते. आता चंदेरी कापडाचे, खांद्यावर त्रिकोण आणि छातीवर चांदणी असलेले कोट शिवायचे होते. खिसे नकोत म्हणाले. मी विचारलं, मग आकाशात माणूस बिडी कुठे ठेवतो? यावर कुणी हसलं नाही. मुंबईची माणसं कामाच्या वेळी हसत नाहीत, हे मला तिथे कळलं.

त्यांचा दिग्दर्शक किडकिडीत, चष्मेवाला आणि कमालीचा हट्टी होता. त्याचा एक सिद्धांत होता. ही शंभर वर्षांनंतरची फौज, तेव्हा गणवेशातल्या एकाही माणसाच्या तोंडावर केस दिसता कामा नये. पुढच्या काळातला अधिकारी म्हणजे स्वच्छ आणि गुळगुळीत. म्हाताऱ्या शास्त्रज्ञाला पांढरी दाढी चालेल, कारण तो गणवेशात नाही. आणि मंगळावरच्या दुष्ट सेनापतीला टोकदार दाढी पाहिजेच, म्हणजे तो पडद्यावर आला की कोण ते लोकांना कळेल. गोंदियाच्या बाजारात यावर आठवडाभर चर्चा चालली. मंगळावर म्हाली कुठून आणतात, हा लोकांचा मुख्य सवाल होता. म्हाली म्हणजे आमच्याकडचा न्हावी.

सैनिकांच्या गर्दीत उभं राहायला कॉलेजची पोरं मिळाली. त्यांच्या मिश्या जेमतेम होत्या, त्यांनी हसत हसत काढल्या. शेतकरी मात्र मिशीचं ऐकलं की परत फिरायचे, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही. आमच्या गावांचा नियम तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगतो. घरात आजा जावो, काका जावो, डोक्याचे केस उतरतात. मिशी मात्र बाप गेल्याशिवाय उतरत नाही. बाप जिवंत असताना मिशी काढणं म्हणजे बापाचं मरण चिंतणं. ओठ भादरलेला माणूस रस्त्याने जाताना दिसला की लोक विचारत नाहीत, समजून जातात.

एका संध्याकाळी जमादार दुकानात आले. कोट फाटलेला नव्हता. बाकावर बसले, मिशीच्या दोन्ही टोकांना विचारून झालं, आणि मग म्हणाले, हा सिनेमा कुठे कुठे लागेल? मी म्हणालो, सगळीकडे लागेल. कलकत्त्याला, मुंबईला, वर्षा-दोन वर्षांनी तंबूच्या टॉकीजमधून बारक्या गावांतसुद्धा.

"मंग तो पाहील," ते म्हणाले. "कुठंही असला तरी सिनेमा पाहाचा सोडला नसंल त्यानं."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. ज्या माणसाने उभ्या जन्मात कुणाकडे काही मागितलं नाही, तो दुसऱ्या दिवशी टोपी हातात घेऊन त्या चष्मेवाल्यापुढे उभा राहिला आणि म्हणाला, मला तुमच्या सिनेमात दिसायचं आहे. दिग्दर्शकाने त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. यान सुटताना कप्तानाला सलामी देणारा एक बुजुर्ग अधिकारी त्याला हवाच होता. त्या कामासाठी आणलेला नट आल्या दिवसापासून पोट धरून पडला होता. त्याने जमादारांना सलामी ठोकायला लावली. ती बघून तोसुद्धा जरा सरळ उभा राहिला.

"आदमी बढ़िया है," तो म्हणाला. "लेकिन मूँछ नहीं चलेगी."

मी मध्ये पडलो. सांगितलं की आमच्याकडे असं असं असतं, एवढ्या एका मिशीने तुमची फौज बिघडणार नाही. तो ऐकेना. एकाला सोडलं तर नियम कसला, म्हणाला. हे जमादारांना मात्र पटलेलं दिसलं. त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि पट्टीवरून चालायला लागले.

वाटेत मी त्यांना गाठलं. म्हणालो, नाक-डोळे तेच आहेत, मिशीवाचून काय अडतंय? ते म्हणाले, मिशीशिवाय पोरगा ओळखणार नाही, आणि मिशी काढली तर बापाला तोंड दाखवता येणार नाही. दोन्हीकडून दार बंद आहे, आता जाऊ द्या. पण ते त्यांनी ज्या आवाजात सांगितलं ना, त्यामुळे मला परत फिरवेना. मी त्यांच्या घरापर्यंत गेलो.

त्यांचे वडील, सगळ्यांचे म्हातारबा, अंगणात खाटेवर बसले होते. ऐंशीच्या पुढचं वय, एका डोळ्यात मोतीबिंदू, पण आवाज खणखणीत. जमादारांनी सगळी हकीकत सांगितली आणि शेवटी म्हणाले की झालं, विषय संपला. बिडी विझली तशी ती म्हातारबांनी कानावर ठेवली.

"मिशी नसलेला बाप पाह्यला, तं का समजंल पोरगा?"

"का समजंल? तू गेला असा समजंल, बा."

"मंग येईल का नाही?"

जमादार उभे होते, ते तिथेच खाली बसले. मला आधी नीट कळलंच नाही. म्हातारबा शांतपणे सांगत राहिले. पोराला मी या हातांनी वाढवलं. बापावर रुसून गेला, माझ्यावर नाही. मी आहे तोवर त्याला वाटतं, आजा कुठे जातो, नंतर बघू. मी गेलो हे त्याला कळलं तर तो एक दिवस थांबणार नाही.

"जित्या बापाची मिशी काढू मी? तू समोर बसून राहिला आन मी तुले मारू?"

"मार. मी म्हनून राहिलो ना. माह्या जित्यापनी नाही आला, मेल्यावर तं येईल."

जमादारांनी दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा त्यांच्याने बोलवलं नाही. मग म्हातारबांनी आम्हा दोघांना आणखी एक गोष्ट बजावली. हे तिघांतच राहिलं पाहिजे. गोंदियाची माणसं चारी मुलखांत जातात. कुणी पोराला भेटला आणि आजा ठणठणीत आहे, हे सगळं नाटक आहे असं बोलून गेला, तर केलं ते पाण्यात जाईल. गाव काही म्हणो, कितीही म्हणो, तोंड उघडायचं नाही. जमादारांनी मान हलवली. काय कबूल करतोय ते त्यांना माहीत होतं, मला नव्हतं.

गावच्या म्हालीने वस्तरा लावायला साफ नकार दिला. घरात मयत नसताना मिशी उतरवली तर पाप माझ्या माथी, म्हणाला. शेवटी कंपनीच्या रंगवाल्याने ते काम केलं. ओठावर साबण लावला, शीळ वाजवत वाजवत दोन हात मारले आणि मिशी पडली. खाली एक फिकट, नाजूक ओठ निघाला. त्या ओठाकडे मला बघवेना. इतकी वर्षं ओळखीच्या माणसाचा हा ओठ आपण कधी पाहिलाच नव्हता, असं वाटून मलाच ओशाळल्यासारखं झालं. जमादारांनी आरसा नको म्हणून सांगितलं.

रंगवाल्याने मग भुवईवरच्या व्रणावर रंग थापायला सुरुवात केली. पुढच्या काळात व्रणही नसतात म्हणे. जमादारांनी त्याचं मनगट धरलं आणि बाजूला केलं. आवाज न चढवता म्हणाले, मिशी दिली, ही खूण देणार नाही, पोरगा आता हिच्यावरूनच ओळखेल. दिग्दर्शक आला, रागावला, पट्टीवर येरझाऱ्या घालायला लागला. ऊन उतरत चाललं होतं. यान सुटताना धूर पाहिजे म्हणून खाली तणसाचे, म्हणजे धानाच्या पेंढ्याचे, भारे रचलेले होते आणि त्यांवर पाणी शिंपडून झालेलं होतं. उशीर केला तर ते वाळणार होतं. मी चंदेरी कोट हातात घेऊन उभा होतो. मिशी तर गेली होती. आता या माणसाने नाही म्हटलं असतं, तर ती फुकट गेली असती. अखेर दिग्दर्शकाने उन्हाकडे पाहिलं आणि हात झटकला. व्रण राहिला.

तणस पेटवलं. ओल्या तणसाचा पांढरा धूर हवा तसा निघाला. जमादार यानासमोर उभे राहिले आणि त्यांनी सलामी ठोकली. तेवढ्यात वाऱ्याची दिशा फिरली, जाळ वर आला आणि यानाच्या प्लायवूडने पेट घेतला. कॉलेजची पोरं पळाली. मंगळाचा सेनापती दाढी हातात घेऊन पळाला. कप्तान शिडीवरून उडी टाकून बांधीत पडला. पत्रे तडतडत होते, धुराने पुढचं दिसत नव्हतं, आणि मी जमादारांच्या नावाने ओरडत होतो. ते हलले नाहीत. पापणीसुद्धा हलवली नाही. त्यांना सलामी सोडा असं कुणी सांगितलं नव्हतं, आणि कॅमेरावाला अजून कॅमेऱ्याशी होता. तो गेल्यावर त्यांनी हात खाली घेतला आणि मग दोन पावलं चालून बसले. केस होरपळले होते.

"तोंड दिसलं असंल ना, मास्टर?" एवढंच त्यांनी मला विचारलं.

त्या संध्याकाळी ते घराकडे निघाले तेव्हा वाटेवरच्या लोकांनी त्यांचा ओठ पाहिला. आडवाटेने, काट्याकुट्यांतून लोक त्यांच्या आधी गावात पोचले. ते पोचेपर्यंत अंगणात बाया रडत होत्या आणि दोघेजण तिरडीसाठी बांबू तोडायला गेले होते. म्हातारबा घरात भाकर खात होते. रडणं ऐकून बाहेर आले आणि कोण गेलं म्हणून विचारू लागले. मला ते ऐकून हसू आलं होतं. पण पुढे जे झालं त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

सिनेमासाठी जित्या बापाची मिशी काढली, हे गावाने माफ केलं नाही. लग्नाच्या पंगतीत त्यांचं पान वेगळं पडू लागलं, मग पडेनासं झालं. चार जाणत्यांनी बोलावून विचारलं, काऊन केलं असं? जमादार खाली मान घालून उभे राहिले. एका वाक्यात सगळ्यांची तोंडं बंद झाली असती. ते वाक्य त्यांनी तोंडातच ठेवलं, आणि मीही. एकदा दुकानात एकाने त्यांना तोंडावर बापाचा वैरी म्हटलं. मी कात्री आपटून उठलो, पण जमादारांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि मी परत बसलो. मिशी त्यांनी पुन्हा वाढवली नाही. पोरगा आल्यावर ठेवीन, म्हणाले. कुणी काही विचारलं की त्यांचा हात अजूनही ओठाकडे जायचा आणि तिथे काही सापडायचं नाही. मग तो हात कुठे ठेवावा हे त्यांना सुचायचं नाही.

सिनेमा पुरा व्हायला फार वेळ लागला. कधी नट भांडले, कधी नटी लग्न करून बसली. मधल्या काळात आमचा मुलूख मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, तरी त्यांचं यान मंगळावर पोचेना. जमादार आठवड्याला एकदा येऊन विचारायचे, लागला का? मी नाही म्हणायचो. त्यांना एकच भीती खायची. मुंबईला बसून त्या चष्मेवाल्याने आपला तुकडा काढून टाकला तर?

अखेर तो गोंदियाला लागला. पहिल्या दिवशी आम्ही दोघं गेलो. ज्या रांगेत त्यांनी पोराला मारलं होतं त्याच रांगेत ते उभे राहिले. आत बसल्यावर त्यांनी माझं मनगट धरलं ते सोडलंच नाही. यान सुटायची वेळ आली. धूर, जाळ, पळापळ, आणि एकदम पडदाभर जमादारांचं तोंड. उघडा ओठ, भुवईवरचा व्रण, डोळे सरळ समोर. लोकांनी शिट्ट्या मारल्या. मी शेजारी वळून पाहीपर्यंत पडद्यावर दुसरंच काही सुरू झालं होतं.

बाहेर आल्यावर मी खुशीत होतो. दिसलं, नीट दिसलं, असं म्हणत होतो. जमादार मात्र दिव्याच्या खांबाशी थांबले.

"तेवढ्यातच पोराची पापनी मिटली तं?"

तो सिनेमा गोंदियात होता तोवर ते रोज जात राहिले. पडद्याकडे मात्र त्यांची पाठ असायची. यान सुटायच्या वेळी ते लोकांच्या तोंडांकडे बघायचे. कोण बिडी पेटवतो, कोण पोराला पाणी पाजतो, किती जणांची नजर त्या क्षणी वर असते. कधी खुशीत येऊन सांगायचे, आज पुष्कळांनी पाहिलं. कधी तडक घरची वाट धरायचे.

सिनेमा गोंदियातून गेला, आणि जमादार संध्याकाळी स्टेशनवर जाऊन बसू लागले. त्या पावसाळ्यात त्यांना ताप आला. डॉक्टर झाले, वैदू झाले, ताप उतरेना. शेवटी शेवटी वातात ते कुणाला तरी रांगेतून बाहेर ये म्हणत होते, हळू आवाजात, समजूत घातल्यासारखं. भाद्रपदात ते गेले. अग्नी पुतण्याने दिला. म्हातारबा खाटेवरून उठून पायरीपर्यंत आले आणि तिथेच बसून राहिले. गावातले लोक म्हणाले, जित्या बापाची मिशी काढली, त्याचं फळ मिळालं. मी त्या लोकांना तेव्हाही माफ केलं नाही आणि आज हे लिहितानाही करत नाही. खरं सांगावं असं शंभरदा वाटलं. म्हातारबांनी सांगू दिलं नाही. तंबूवाले अजून सिनेमा फिरवत असतील, म्हणाले.

त्यानंतर मी दर बाजाराच्या दिवशी म्हातारबांकडे जाऊ लागलो. धान कापणी संपलेल्या दिवसांत एकदा दुपारी आम्ही अंगणात बसलो होतो. कवाडाशी एक माणूस येऊन थांबला. खांद्याला पिशवी, डोक्याचं मुंडन केलेलं, आणि तोंडावर चांगली भरदार मिशी. तो खाटेकडे पाहत राहिला आणि त्याच्या हातातून पिशवी पडली.

"कोन हाय गा?" म्हातारबांनी विचारलं.

"आजा, मी तुळशीराम."

तो धावत आला आणि म्हातारबांचे पाय धरून रडायला लागला. रडता रडता हसायचा, आणि सांगायचा. इतकी वर्षं तो कोळशाच्या खाणीकडे कामाला होता. तिथे तंबूत सिनेमा लागला. बसला होता, तर पडद्यावर बाप, भुवईवरच्या व्रणासकट. बापाला चांदीच्या कोटात पाहून तो आधी हसला, मग बिनमिशीचा ओठ पाहिला आणि आजा गेला असं समजला. उजाडताच त्याने नदीवर जाऊन डोकं भादरलं आणि गाडी धरली. आणि इथे येऊन बघतो तर आजा खाटेवर बसून बिडी ओढतोय.

"तू तं हायेस, आजा. मंग बानं मिशी काऊन काढली?" त्याने डोळे पुसले आणि घराकडे पाहिलं. "कुठं हाय तो? पट्टीवर गेला का?"

मी जमिनीकडे पाहत होतो. म्हातारबांनी हात पुढे केला. पोराच्या गुळगुळीत डोक्यावरून तो फिरवला, मग कपाळावरून खाली आणला आणि मिशीवर ठेवला.

"मुंडन माह्यासाठी केलं ना, बाप्पा," ते म्हणाले. "आता मिशी काढ."

तुळशीराम बसल्या जागी तसाच राहिला. मग त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी उठलो आणि म्हालीला बोलवायला गेलो.